अकराव्या खाटेची पिपरी

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता आमची बैठक असायची आणि बैठकीच्या आधी प्रार्थना. प्रार्थना सर्व धर्मांची असल्यामुळे ती पंचवीस मिनिटं चालायची. मी घड्याळ लावून पाहिलं होतं. गीतेचे श्लोक, मग कुराणातला एक भाग, मग ख्रिस्ती प्रार्थना, मग बुद्धवंदना, आणि शेवटी सगळ्यांनी दोन मिनिटं डोळे मिटून गप्प बसायचं. त्या दोन मिनिटांत मला हटकून डुलकी लागायची. दिवसभर शाळेत चाळीस मुलींना पाढे शिकवून आलेल्या बाईला डोळे मिटून बसवलं तर दुसरं काय होणार? शेजारी बसणाऱ्या चाची कोपरानं ढोसायच्या आणि कुजबुजायच्या, "बाई, खुदा जागा है, तुम भी जागो."

चाची म्हणजे आमच्या गल्लीतल्या शिंप्याची बायको. मंडळात त्या माझ्याही आधीपासून होत्या. आम्ही सगळी मिळून दहा-बारा माणसं. काम साधं होतं. वर्ध्याच्या दवाखान्यात ज्या रोग्यांना भेटायला कोणी येत नाही त्यांना भेटायचं, घरचा डबा पोचवायचा, पत्र लिहून द्यायचं, बरं वाटलं की घरी धाडायची सोय करायची. काम साधं असलं तरी ते संपत नसे. एक खाट रिकामी झाली की दुपारपर्यंत तिच्यावर दुसरं कोणीतरी यायचं.

वही माझ्याकडे होती. मला यादीशिवाय काम करता येत नाही, अजूनही येत नाही. रकाने मीच आखले होते: खाट, नाव, गाव, काय हवं, कोण जाणार. पहिल्या वहीत गावानंतर आणखी एक रकाना होता, धर्म आणि जात. शाळेच्या दाखल्यावर असतो तसा मी तो सहज आखला होता. मंडळात रेल्वेतले एक पॉइंटमन होते, त्यांना सगळे भाऊ म्हणत. त्यांना बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्यांनी वही हातात घेतली आणि त्या रकान्यावर बोट ठेवलं.

"बाई, हा कोनासाठी?"

"सोयीसाठी. कोणाला काय चालतं, काय नाही, ते कळतं."

"मले बी सोयीसाठीच शाळेत दाराबाहेर बसवलतं," ते म्हणाले.

आमचे अध्यक्ष, ते निवृत्त शिक्षक, त्यांना आम्ही गुरुजी म्हणायचो, त्यांनी पट्टी मागवली आणि मी सगळ्यांसमोर तांबड्या शाईनं तो रकाना खोडला. त्या दिवसापासून नियम झाला: कोणाला धर्म-जात विचारायची नाही आणि आपली सांगायचीही नाही. नियम बरोबर होता असं मला तेव्हा वाटलं. आजही वाटतं. म्हणूनच पुढचं लिहिणं जरा जड जातं.

म्हातारी आली ती संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. कापसाचे दिवस. बाजाराच्या रस्त्यावर बैलबंड्यांची रांग लागलेली होती. त्यातल्या एका बंडीचं चाक तिच्या पायावरून गेलं आणि शिपायानं तिला दवाखान्यात आणलं. बायकांच्या वॉर्डात अकरा नंबरची खाट. नडगीचं हाड मोडलेलं, गुडघ्यापर्यंत प्लास्टर, वर ताप. सोबत एक गाठोडं होतं, ते ती उशाशी धरून पडलेली. वॉर्डातली नर्स आमच्या मंडळातलीच, ख्रिस्ती, शांत स्वभावाची. तिला आम्ही सिस्टर म्हणायचो. तिनं मला निरोप दिला तो असा: "अकरा नंबर जेवत नाही. बोलते ते कळत नाही. या."

मी गेले. हातापायांवर गोंदण, गळ्यात मण्यांच्या माळा, तापात जे काही पुटपुटत होती ती जंगलाकडची भाषा. ती गोंड आहे हे सिस्टरला दिसत होतं, मला दिसत होतं, नंतर चाचींना आणि भाऊंनाही दिसलं. पण आम्ही ते एकमेकांतही बोललो नाही. दिसत असलेलं बोलायचं नाही असाच आमचा नियम होता. मी विचारलं, "आजी, गाव कोणतं?" तिनं डोळे न उघडता सांगितलं, "पिपरी." मी वहीत लिहिलं, पिपरी, आणि मला वाटलं, अर्धं काम झालं.

जेवणाच्या पाळ्या लावल्या. एका दिवशी माझा डबा, दुसऱ्या दिवशी चाचींचा, मग भाऊंच्या घरून, मग सिस्टरच्या, आणि पुन्हा माझा. म्हातारी सगळ्यांना सारखीच वागणूक द्यायची. झाकण उघडलं की तोंड भिंतीकडे. फुटाणे दिले तर घ्यायची, पेरू दिला तर घ्यायची. शिजवलेल्या अन्नाला हात नाही. पाच दिवस झाले तेव्हा तिच्या खाटेभोवती आमचीच बैठक भरली.

"मेरे हाथ की खिचडी थी, इसलिए नहीं खाई," चाची म्हणाल्या. "मैं क्या जानती नहीं?"

"काल माझ्या हातची होती, तीही नाही खाल्ली," मी म्हटलं.

"तुम्हारी तो मैं भी न खाऊँ, बाई. नमक कहाँ होता है उसमें?"

भाऊ भिंतीला टेकून उभे होते. "आमच्या घरचं नाई खाल्लं याचं मले नवल नाई वाटलं," ते म्हणाले. "पन तुमचं बी नाई खाल्लं, हे पाहून बरं वाटलं."

सिस्टरनं सगळ्यांना हळू बोलायला सांगितलं. "तिला कुठं समजतंय?" चाची म्हणाल्या. म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडून होती.

पिपरी शोधायला मी लागले. पहिली पिपरी मेघे, गावाला लागूनच. शाळा सुटल्यावर चालत गेले. तिथल्या पाटलांनी चहा दिला आणि म्हणाले, "आमच्यात अशी म्हातारी नाई, बाई. दुसरी पिपरी पाहा."

"दुसरी कुठे आहे?"

"तुमाले कोनती पाहिजे?" आणि ते बोटांवर मोजायला लागले. हिंगणघाटाकडची, देवळीकडची, सेलूकडची, आर्वीकडं तर दोन. एका हाताची बोटं संपली तसा त्यांचा भाऊ मदतीला आला. मी घरी आले तेव्हा माझ्या यादीत नऊ पिपऱ्या होत्या. ज्या गावांना पोस्ट होतं तिथं पत्रं टाकली. बाजाराला येणाऱ्या बंडीवाल्यांबरोबर निरोप दिले. रविवारी मी स्वतः एका बंडीत बसून केळझरच्या बाजूला गेले. तिथल्या गणपतीच्या देवळाकडे न वळता थेट पुढच्या पिपरीला. तिथं एक माणूस भेटला, त्याची मावशी दिवाळीपासून बेपत्ता होती. तो लगबगीनं माझ्याबरोबर आला, वॉर्डात शिरला, म्हातारीकडे पाहिलं आणि म्हणाला, "हे नव्हे माही मावशी." म्हातारीनंही त्याच्याकडे तसंच पाहिलं. तो बिचारा व्हरांड्यात बसून रडला, आणि मला त्याला परत धाडायची सोय करावी लागली. असंच एकदा देवळीकडून एक जण आला आणि गेला. दोन्ही वेळा मी आधीच डॉक्टरांना जाऊन सांगितलं होतं, "घर सापडलं."

गुरुजींनी जंगलखात्यातला एक गार्ड दुभाष्या म्हणून आणला. त्यानं खाटेजवळ उभं राहून तिच्या भाषेत दरडावून गाव विचारलं, जणू लाकूड चोरताना धरली आहे. तिनं घोंगडी तोंडावर ओढली. गार्डचं नाव मी यादीतून कमी केलं.

दहाव्या दिवशी डॉक्टरांनी मला बोलावलं. सज्जन माणूस, पण जागरणानं त्यांचेही डोळे तांबडे झालेले असायचे. "बाई, तुमची पिपरी दोनदा सापडली," ते म्हणाले. "आता ऐका. सोमवारी अकरा वाजता आमची गाडी नागपूरला जाते. तिथल्या निराधारगृहात हिची जागा झाली आहे, कागद आला आहे. मला खाट हवी. आणि ही जेवली नाही तर खाटेचा प्रश्न आपोआप सुटेल, तसा तो मला सोडवायचा नाही."

नागपूरचं ते निराधारगृह मी पाहिलेलं होतं. वाईट नव्हतं. पण तिथं गेलेल्याला शोधत तिथवर कोणी जात नाही, कारण कोणाला माहीतच नसतं. म्हातारी एकदा त्या गाडीत बसली की तिचं घर तिला कायमचं संपलं, एवढं मला स्वच्छ कळत होतं. माझ्याजवळ शनिवार आणि रविवार होता, आणि पाय उचलत नव्हते.

शनिवारी सकाळी मोळीवाली आली. दर शनिवारी ती जळणाची मोळी माझ्या अंगणात टाकायची. सहा वर्षं टाकत होती. मी पायरीवर बसले होते. उठले नाही.

"काऊन व बाई, तोंड उतरलं?"

मी सांगितलं. कोणाला तरी सांगायचं म्हणून सांगितलं. म्हातारी, प्लास्टर, नऊ पिपऱ्या, सोमवारची गाडी. तिनं मोळी भिंतीला लावली, चुंबळ झटकली आणि विचारलं, "कितीक देवाची हाये?"

"आम्ही ते विचारत नाही."

"काऊन?"

"कोणाला कमीपणा वाटू नये म्हणून."

ती हसली. "देव सांग्याले कायचा कमीपना? तू मले सहा वर्सांत नाई विचारलं. मी म्हनो, बाई मोठी हाये, तिले काय करा लागते."

तिच्या हातांवरही म्हातारीसारखंच गोंदण होतं. मी विचारलं, "तुमच्यात विचारतात?"

"पह्यलं तेच विचारते. चार, पाच, सहा, का सात. त्यावरून समजते ते आपली बहीन लागते का सोयरी. मंग कुठं बसवाचं, काय खाऊ घालाचं, थट्टा कराची का नाई कराची, सारं समजते. गाव मंग विचाराचं. गावं काय, एका नावाचे दहा राह्यते."

एका नावाची दहा गावं असतात हे मला आता चांगलं माहीत होतं. मी चपला घातल्या आणि तिला म्हटलं, चल. मोळीचे पैसे राहिले आहेत हे तिच्याही लक्षात आलं नाही.

वॉर्डात गेल्यावर ती खाटेजवळ गेली नाही. पायथ्याशी चार हात लांब उभी राहिली, पदर सारखा केला आणि तिच्या भाषेत एकच वाक्य बोलली. म्हातारीनं डोळे उघडले. बराच वेळ पाहिलं. मग घोंगडीतून हात बाहेर काढून पाच बोटं दाखवली, आणि मग दोन.

मोळीवाली पुढे गेली, वाकून पाया पडली, आणि उठता उठता मला म्हणाली, "सातदेवी हाये. मी सहादेवी. सोयरीच झाली माही." मग कमरेवर हात ठेवून म्हातारीला, आम्हाला कळेल अशा बोलीत, "काय व, येवढी म्हातारी झाली न बंडी नाई दिसली तुले? का बंडीवालाच पाहून राह्यली होती?"

"तूच पाहत असशीन, लाकडं ईकता ईकता," म्हातारी म्हणाली.

स्वच्छ वऱ्हाडीत. सिस्टरच्या हातातला थर्मामीटर तिथंच थांबला. मी मनात गेल्या अकरा दिवसांतलं सगळं बोलणं आठवू लागले. तिच्या उशाशी उभं राहून आम्ही कोण कोणाच्या हातचं खातं, कोणाच्या खिचडीत मीठ नसतं, ती किती दिवस काढील, हे सगळं बोललो होतो.

"तुम्हाला समजत होतं?" मी विचारलं.

"सारं समजे."

"मग बोलला का नाहीत, आजी?"

"कोनी विचारलं मले, मी कोन हावो?" ती उठून बसायला लागली, सिस्टरनं पाठीला आधार दिला. "विचाराचं नाई, अन ताट समोर आनून ठेवाचं. गोड-गोड बोलाचं. मले वाटलं, मी मरून राह्यली, म्हून सारे असे करून राह्यले. इथं मेली असती तं माह्या देवाइले कोन सांगनार होतं, हे सातवाली होती म्हून? तुम्ही कुठं पुरलं असतं मले, काय ठाऊक."

तिची हकीकत फार मोठी नव्हती. गावच्या माणसांबरोबर ती इकडच्या एका शेतावर कापूस वेचायला आली होती. त्या शेतावरचं काम संपल्यावर बाजारात गेली आणि तिथं पाय मोडला. बरोबरच्यांना वाटलं ती घरी निघून गेली, ते दुसऱ्या शेतावर वेचणीला गेले. घरी लेक होता, त्याला वाटत असेल ती अजून वेचणीवर आहे.

"सातदेव्याइची पिपरी एकच हाये," मोळीवाली म्हणाली. "आर्वीच्या पलीकडं, जंगलाले लागून. बारा घरं हायेत. माह्या जेठाची पोरगी तिकडंच देली."

ती पिपरी माझ्या नऊ पिपऱ्यांत नव्हती. सरकारी कागदात ती दुसऱ्याच गावाची टोली, म्हणजे वाडी, म्हणून जोडलेली होती.

मोळीवालीनं कमरेचं फडकं सोडलं. ज्वारीची भाकर आणि वाटलेली मिरची. म्हातारीनं अर्धी भाकर खाल्ली, पाणी प्यायली आणि उरलेली अर्धी उशाखाली ठेवली. सिस्टर तोंड फिरवून खिडकीतून बाहेर पाहत राहिली.

दुपारी चाची डबा घेऊन आल्या, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. म्हातारीनं त्यांनाच आधी धरलं. "तुये देव कितीक व?"

चाचींनी माझ्याकडे पाहिलं. नियम होता. मी अडवलं नाही. "एक," चाची म्हणाल्या.

"एकच?" म्हातारीला त्यांची फार दया आली. "अन हे पोरगी?"

सिस्टर म्हणाली, "एक. म्हणजे, तीन. पण एकच."

"घरी विचारून येजो," म्हातारी म्हणाली, आणि चाचींच्या डब्याचं झाकण स्वतः काढलं. चाची नंतर आठवडाभर सगळ्यांना सांगत होत्या की शेवटी खिचडी खाल्ली ती त्यांचीच.

संध्याकाळी भाऊ ड्यूटी संपवून आले. मी त्यांना व्हरांड्यातच गाठलं आणि सगळं क्रमानं सांगितलं. मला वाटलं होतं ते खूश होतील. त्यांचा चेहरा घट्ट झाला.

"कोनं विचारलं?"

"मोळीवालीनं."

"आनली कोनं?"

"मी."

"मंग तुम्हीच विचारलं, बाई."

मी हो म्हटलं. ते कठड्यावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तिले विचारलं तं तिले सोयरी भेटली," ते म्हणाले. "मले विचारलं तं मले दाराबाहेरची पायरी भेटली. दोन्ही गोष्टी एक नाईत. उद्या तुम्ही म्हनसान, विचाराले काय हरकत हाये. हाये हरकत."

रकान्याचा विषय पुढे तीन बैठकांत निघाला आणि तीनही वेळा पुढच्या बैठकीवर गेला, त्याचं कारण हेच. भाऊंचं खोटं नव्हतं आणि म्हातारीचंही खोटं नव्हतं. दोन्ही एका नियमात बसवणं मला जमलं नाही, आणि आता मी तो नाद सोडून दिला आहे.

भाऊंनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली. मग विचारलं, "गाव कुठं म्हनता?"

"आर्वीच्या पलीकडे. जंगलाला लागून."

"उद्या माही सुट्टी हाये. सकाळच्या पॅसेंजरनं पुलगाव, तिथून आर्वीची लहान गाडी. पुढं पायानं." ते उठले. मी घाईनं वहीचा कागद फाडून खुणा लिहायला लागले तसे म्हणाले, "राहू द्या, बाई. नऊ गावं लिहून काय झालं?"

हे लागलं. पण बरोबर होतं.

रविवार वाट पाहण्यात गेला. सोमवारी मी शाळेत रजेचा अर्ज टाकला आणि साडेनऊला वॉर्डात हजर झाले. भाऊ पोचले की नाही, कळायला मार्ग नव्हता. लेक घरी असेल की नाही, तेही माहीत नव्हतं. पुलगावहून येणारी गाडी अकराच्या पुढे यायची, तीही वेळेवर आली तर. डॉक्टरांकडे जाऊन तिसऱ्यांदा "घर सापडलं" म्हणायची मला लाज वाटत होती, तरी म्हटलं. ते म्हणाले, "माणूस आणा, बाई. घर नको."

साडेदहाला गाडीचा ड्रायव्हर कागद घेऊन आला. त्यावर रोग्याजवळच्या सामानाची यादी हवी होती, खाली सही. सिस्टर कामात होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "यादी मी करते."

मी जन्मात कधी यादी हळू केली नव्हती. त्या दिवशी केली. म्हातारीचं गाठोडं सोडलं. लुगडं एक, जुनं, दोन ठिकाणी शिवलेलं, शिवण कोणत्या दोऱ्याची तेही लिहिलं. चोळी एक. लाकडी फणी एक, दात किती, त्यातले पडलेले किती. तंबाखूची डबी, झाकणासह. नातवासाठी बाजारात घेतलेली पत्र्याची शिट्टी, वाजते की नाही ते पाहून. डिंकाचे खडे.

"डिंक एक-एक मोज व बाई," म्हातारी म्हणाली. तिला सगळं कळत होतं. "मोठे वेगळे लिही, बारीक वेगळे."

"बाई, लग्नाचा रुखवत लिहून राह्यल्या का?" ड्रायव्हर दारातून ओरडला. "नागपूरले पोचाचं हाये मले."

"सरकारी काम आहे," मी म्हटलं. "चुकलं तर तुमच्यावरच येईल."

तो बिडी ओढायला गेला. अकरा वाजले. अकरा वाजून दहा मिनिटं झाली. डिंक संपला. डॉक्टर आले, माझ्या हातातून कागद घेतला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. शिट्टी वाजते, तेही वाचलं. माझ्याकडे पाहिलं. मग ड्रायव्हरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "याच्या दोन प्रती लागतील," आणि पुढच्या खाटेकडे गेले.

मी दुसरी प्रत काढायला बसले. फणीपर्यंत आले होते तेव्हा व्हरांड्यात पावलं वाजली. भाऊ होते, गुडघ्यापर्यंत धूळ, डोळे आत गेलेले. त्यांच्या मागं एक पस्तिशीचा माणूस, अंगात सदरा, हातात चपला, फरशीवर पाय कसा ठेवावा ते न कळून दारातच थांबलेला.

म्हातारीनं त्याला पाहिलं. "कापूस टाकला का घरात, का तसाच हाये वावरात?" ती म्हणाली. "अन बैल कोनापाशी ठेवून आला?"

तो खाटेजवळ आला, खाली बसला आणि प्लास्टरवर कपाळ टेकून तसाच राहिला. म्हातारी त्याच्या डोक्यावर हात ठेवून बैलाचं विचारतच होती.

ड्रायव्हर डोकावला, त्यानं पाहिलं, हातातल्या कागदावरचा अकरा नंबर स्वतःच्या पेन्सिलनं खोडला आणि बाकीची दोन माणसं घेऊन निघून गेला.

भाऊ बाकावर बसले. मी पाणी दिलं. दोन तांबे प्यायल्यावर ते बोलायला लागले. "दिवस बुडाले पोचलो. गावात शिरल्या शिरल्या एका बुढ्यानं विचारलं, कितीक देवाचा? मी म्हटलं, एकबी नाई. तो म्हने, असं कसं? चार घरचे लोक गोळा झाले. मले पाह्यलं, पुन्हा विचारलं. मी म्हटलं, बापा, आमचे होते ते आम्ही सोडून देले." ते थोडे हसले, पण ते हसणंही थकलेलं होतं. "मंग ते आपसात बोलले. म्हने, बिनदेवाशी सोयरीक होत नाई, तवा थट्टा नाई करता येत तुमची. पन पानी प्या, बसा, जेवा. खाटेवर बसवलं, बाई. घरात. खाटेवर."



दुपारच्या गाडीनं त्यांना पुलगावला धाडायचं ठरलं. भाऊंनी गाडीच्या गार्डला सांगून ठेवलं. लेकानं म्हातारीला पाठीवर घेतलं आणि आम्ही स्टेशनवर आलो. चाचींनी शिवलेली एक कापडी पिशवी आणली होती, तिच्यात गाठोडं गेलं. मी लेकाला प्लास्टरचं सांगत होते. भिजू द्यायचं नाही. त्या पायावर उभं करायचं नाही. सहा आठवड्यांनी परत आणायचं. त्याला वाचता येत नव्हतं म्हणून मी त्याच्याकडून म्हणवून घेतलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तो माझ्या शाळेतल्या मुलींसारखं नीट म्हणून दाखवत होता. गाडी लागली, त्याला आईला घेऊन चढायचं होतं, तरी मी त्याची बाही धरून चौथ्यांदा सहा आठवडे किती, ते विचारत होते.

म्हातारी त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे वळली.

"आइकलं व बाई त्यानं," ती म्हणाली. "म्या बी आइकलं. सोड त्याले आता. घरी जाय अन नीज. पाय दुखत असन तुये."

गाडी गेल्यावर मी घरी गेले आणि दिवसाउजेडी, चपला घातलेल्याच, खाटेवर आडवी झाले.